एकाच स्टेटमेंटपुरतं : क्वेरी एडिटरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : क्वेरी एडिटरमध्ये, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत सूचना द्यायच्या खिडकीत, बरीच स्टेटमेंट (पूर्ण सूचना) लिहिलेली असताना त्यातलं नेमकं एक कसं चालवायचं, आणि नको ते चाललं तर काय करायचं. उत्तरांतला कोड इथे देवनागरीत छापला आहे. एडिटरमध्ये तो रोमन अक्षरांतच टाइप करावा. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड समजावं.

प्रश्न : मी नेहमी लागणाऱ्या दहा-बारा क्वेरी एकाच फाइलमध्ये एकाखाली एक ठेवतो. एका सर्व्हरसाठी एक एडिटर वापरावा लागतो, दुसऱ्यासाठी दुसरा. मधली एकच क्वेरी चालवायची असते, पण एकीकडे फक्त तीच चालते आणि दुसरीकडे सगळी फाइल चालते. नियम काय धरायचा?

उत्तर : कुठून कुठपर्यंतचा मजकूर सर्व्हरकडे जाणार, हे सर्व्हर ठरवत नाही, एडिटर ठरवतो. म्हणून एडिटर बदलला की वागणूक बदलते.

मजकूर हायलाइट केलेला नसेल तेव्हा एडिटरांच्या दोन तऱ्हा दिसतात. पहिल्या तऱ्हेचे एडिटर कर्सर ज्या स्टेटमेंटमध्ये असेल तेवढंच चालवतात. मायएसक्यूएल वर्कबेंच, डीबीव्हर, ओरॅकल एसक्यूएल डेव्हलपर आणि डेटाग्रिप हे यातले, आणि चौघांतही त्यासाठी कंट्रोल + एंटर आहे. डेटाग्रिप कधी कधी मध्येच विचारतो की आतली सबक्वेरी चालवू की पूर्ण स्टेटमेंट. हे विचारणं सेटिंगमधून बंद करता येतं, पण चालू ठेवलेलं बरं. सगळी फाइल चालवण्याची कळ वेगळी असते : वर्कबेंचमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एंटर, डीबीव्हरमध्ये ऑल्ट + एक्स, एसक्यूएल डेव्हलपरमध्ये एफ५.

दुसऱ्या तऱ्हेत एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ येतो. तिथे एफ५ दाबलं की कर्सर कुठेही असो, खिडकीतला सगळा मजकूर वरपासून खालपर्यंत चालतो. एकच स्टेटमेंट हवं असेल तर ते पूर्ण हायलाइट करून मग एफ५. पीजीअ‍ॅडमिनमध्येही एफ५ची जुनी सवय हीच. नव्या आवृत्त्यांत कर्सरपाशी असलेली क्वेरी चालवायला वेगळं बटण आणि ऑल्ट + एफ५ ही कळ आली आहे.

हायलाइट असेल तर बहुतेक ठिकाणी तेवढाच भाग चालतो. वर्कबेंच याला ठळक अपवाद आहे. तिथलं कंट्रोल + एंटर हायलाइटकडे बघत नाही, कर्सरकडे बघतं. हायलाइट केलेला भाग चालवायचा तर कंट्रोल + शिफ्ट + एंटर लागतं, आणि तेच बटण हायलाइट नसेल तर अख्खी फाइल चालवतं. माउसचा एक क्लिक चुकून हायलाइट गेला तरी फरक केवढा पडतो, हे यावरून लक्षात येईल.

म्हणून टेबलं बदलणारी स्टेटमेंट रोजच्या सिलेक्टच्या फाइलमध्ये ठेवूच नका. त्यांची फाइल वेगळी, आणि ती उघडायची ती एकच काम करून बंद करायला. काय चाललं याची खात्रीही दर वेळी करा. वर्कबेंचमध्ये खालच्या अ‍ॅक्शन आउटपुटमध्ये प्रत्यक्ष चाललेलं स्टेटमेंट आणि किती नोंदींवर परिणाम झाला ते दिसतं. डीबीव्हरच्या क्वेरी मॅनेजरमध्येही तसंच.

प्रश्न : अपडेट स्टेटमेंट तीन ओळींत लिहिलं होतं. माउसने ओढताना पहिल्या दोनच ओळी हायलाइट झाल्या आणि व्हेअरची, म्हणजे कोणत्या नोंदी ते सांगणारी, ओळ बाहेर राहिली. टेबलातल्या सगळ्या नोंदी बदलल्या. एकही एरर कशी आली नाही? आणि यापुढे काय काळजी घ्यावी?

उत्तर : एरर यायचं कारणच नव्हतं. 'अपडेट ऑर्डर्स सेट स्टेटस = 'रद्द'' एवढं लिहिलं तरी ते एसक्यूएलच्या दृष्टीने पूर्ण आणि बरोबर वाक्य आहे; त्याचा अर्थ 'सगळ्या नोंदी बदल' असा होतो. खाली राहिलेली ओळ सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय ओळी कुठे तोडायच्या यात आहे. सेट आणि व्हेअर एकाच ओळीवर ठेवा. पहिल्या ओळीवर फक्त 'अपडेट ऑर्डर्स', दुसऱ्या ओळीवर 'सेट स्टेटस = 'रद्द' व्हेअर आयडी = ४७;'. आता पहिलीच ओळ हायलाइट झाली तर ते अर्धवट वाक्य ठरतं आणि सिंटॅक्स एरर येते. दुसरीही आली तर व्हेअर तिच्यासोबत येतोच. डिलीटमध्ये टेबलाचं नाव आणि व्हेअर एकाच ओळीवर असावेत. कॉलम बरेच असले की ओळ लांबलचक होते आणि दिसायला वाईट दिसते, पण इथे दिसण्यापेक्षा सुरक्षितता मोठी.

दुसरी सवय ट्रान्झॅक्शनची, म्हणजे कमिटने पक्के किंवा रोलबॅकने रद्द करेपर्यंत बदल तात्पुरते ठेवण्याची. आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट काउंट चालवा आणि आकडा कागदावर लिहा. मग बिगिन ट्रान्झॅक्शन चालवा. मायएसक्यूएलमध्ये स्टार्ट ट्रान्झॅक्शन, पोस्टग्रेसमध्ये नुसतं बिगिन चालतं, आणि ओरॅकलमध्ये पहिल्या बदलापासून ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू होतं. त्यानंतर अपडेट. 'इतक्या नोंदी बदलल्या' हा संदेश तुमच्या आकड्याशी जुळला तर कमिट, नाही जुळला तर विचार न करता रोलबॅक. कारण शोधायचं ते रोलबॅकनंतर. बिगिन, अपडेट आणि कमिट मात्र एका दमात हायलाइट करून चालवू नका. तसं केलंत तर मध्ये आकडा बघायला जागाच उरत नाही आणि ट्रान्झॅक्शनचा सगळा उपयोग संपतो.

वर्कबेंचमध्ये सेफ अपडेट्स नावाचं सेटिंग मुळातच चालू असतं. व्हेअरमध्ये की असलेला कॉलम नसेल आणि लिमिटही नसेल, तर सर्व्हर एरर ११७५ देऊन अपडेट किंवा डिलीट नाकारतो. पुष्कळ जण पहिल्याच दिवशी ते कायमचं बंद करतात. तसं करू नका. एखाद्या कामासाठी खरोखरच लागलं तर त्या सेशनपुरतं 'सेट एसक्यूएल_सेफ_अपडेट्स = ०;' द्या आणि काम झालं की १ करा. प्रेफरन्सेसमधून बदललंत तर कनेक्शन पुन्हा जोडेपर्यंत बदल लागू होत नाही. डीबीव्हर आणि डेटाग्रिपही व्हेअर नसलेल्या अपडेट-डिलीटपूर्वी सूचना दाखवतात. ती न वाचता एंटर दाबायची सवय हाताला लागू देऊ नये.

आता झालेल्या नुकसानाचं. ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक स्टेटमेंट आपोआप कमिट होणं, चालू असेल तर स्टेटमेंट संपलं त्या क्षणी बदल पक्का झाला. नंतर रोलबॅक देऊन काही होत नाही. पोस्टग्रेस तर स्पष्ट सांगतो की कुठलंही ट्रान्झॅक्शन चालू नाही. आधी नेमकी वेळ लिहून ठेवा, सेकंदापर्यंत मिळाली तर उत्तम. ओरॅकलमध्ये 'अ‍ॅज ऑफ टाइमस्टॅम्प' लावून त्या वेळेआधीच्या नोंदी सिलेक्टने वाचता येतात, पण जुनी माहिती अनडूमध्ये शिल्लक असेपर्यंतच. तिथे उशीर महागात पडतो. इतर ठिकाणी बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवून, तो त्या वेळेच्या जरा आधीपर्यंत आणून, फक्त ते टेबल परत घ्यावं लागतं. त्यासाठी झालेल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइली, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरवर लॉग बॅकअप, मायएसक्यूएलवर बायनरी लॉग, पोस्टग्रेसवर साठवलेल्या वॉल फाइली आधीपासून असाव्या लागतात. चालू डेटाबेसवरच बॅकअप उतरवू नका. त्या वेळेनंतरची इतरांची सगळी कामं पुसली जातील.

प्रश्न : डीबीव्हरमध्ये कर्सर क्वेरीच्या आत ठेवूनही अर्धीच क्वेरी जाते आणि एरर येते. तीच क्वेरी पूर्ण हायलाइट केली की चालते.

उत्तर : क्वेरीच्या मध्ये कुठेतरी रिकामी ओळ सोडलेली असणार. डीबीव्हर सेमीकोलनसोबत रिकाम्या ओळीलाही स्टेटमेंटची हद्द मानू शकतो. प्रेफरन्सेसमध्ये एसक्यूएल प्रोसेसिंगखाली हे सेटिंग आहे. नव्या आवृत्त्यांत नेहमी, कधीच नाही आणि स्मार्ट असे पर्याय मिळतात. लांब क्वेरी लिहिणाऱ्यांनी 'कधीच नाही' ठेवावं आणि प्रत्येक स्टेटमेंट न चुकता सेमीकोलनने संपवावं.

तुम्हाला एरर आली हे एका अर्थी बरंच झालं. अपडेटच्या सेटनंतर रिकामी ओळ आणि तिच्याखाली व्हेअर, अशी मांडणी असेल तर वरचा अर्धा भाग एकटा चालू शकतो आणि मागच्या प्रश्नातलंच नुकसान हायलाइट न करताही होतं. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लस या कमांडलाइन साधनातही रिकामी ओळ आली की स्टेटमेंट तिथेच थांबतं. तिथे 'सेट एसक्यूएलब्लँकलाइन्स ऑन' द्यावं लागतं.

उलट बाजूही आहे. दोन स्टेटमेंटच्या मध्ये सेमीकोलन द्यायचा राहिला तर एडिटर दोन्ही मिळून एक समजतो. ओरॅकल अशा वेळी ओआरए-००९३३ देतो. एरर दुसऱ्या स्टेटमेंटच्या सुरुवातीला दाखवली जाते, चूक मात्र त्याच्या वरच्या ओळीच्या शेवटी असते. एरर आलेल्या शब्दाच्या आधी बघायची सवय लावून घेतली की असे घोळ चटकन सापडतात.

प्रश्न : एका स्क्रिप्टमध्ये 'गो' असतं, दुसरीत एकट्या ओळीवर तिरपी रेघ, तिसरीत 'डिलिमिटर'. हे एसक्यूएलच आहे का?

उत्तर : तिन्ही एसक्यूएलमध्ये नाहीत. त्या एडिटरला किंवा कमांडलाइन साधनाला दिलेल्या सूचना आहेत आणि सर्व्हरपर्यंत जातच नाहीत.

'गो' एसक्यूएल सर्व्हरच्या साधनांचं. ते दिसलं की वरचा सगळा मजकूर एक बॅच म्हणून पाठवला जातो. डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल 'गो'च्या पलीकडे जगत नाही, म्हणून खालचाच भाग हायलाइट करून चालवला की 'व्हेरिएबल डिक्लेअर केलेलं नाही' अशी एरर येते. डिक्लेअरची ओळही सोबत घ्यावी लागते. 'गो ५' लिहिलं तर ती बॅच पाच वेळा चालते, हे ठाऊक नसेल तर इन्सर्टच्या बाबतीत घात होऊ शकतो.

तिरपी रेघ ओरॅकलची. पीएल/एसक्यूएलच्या ब्लॉकमध्ये आतच अनेक सेमीकोलन असतात, त्यामुळे ब्लॉक संपला हे सांगायला वेगळ्या ओळीवर ती द्यावी लागते. साध्या इन्सर्टला शेवटी सेमीकोलन असेल आणि त्याखाली परत तिरपी रेघ असेल, तर स्क्रिप्ट म्हणून चालवताना तेच इन्सर्ट दोनदा होतं : एकदा सेमीकोलनने, एकदा रेघेने. नोंदी दुप्पट आल्या की आधी इथे बघा.

मायएसक्यूएलचा डिलिमिटर प्रोसिजर लिहितानाच्या अशाच अडचणीसाठी आहे. काम झाल्यावर 'डिलिमिटर ;' देऊन पूर्ववत करायचा.

प्रश्न : शेवटचा सेमीकोलन द्यायचा की नाही? एडिटरमध्ये चालणारी क्वेरी प्रोग्रॅममध्ये टाकली तर ओरॅकल ओआरए-००९११ देतो.

उत्तर : एडिटरमध्ये नेहमी द्या. तो बहुतांशी एडिटरसाठीच असतो. पाठवताना एसक्यूएल डेव्हलपर तो काढून टाकतो. प्रोग्रॅममधून एकच स्टेटमेंट थेट पाठवताना तो काढायला कोणी मध्ये नसतं, म्हणून ओरॅकल त्याला अवैध अक्षर म्हणू शकतो. तिथे सेमीकोलनशिवाय लिहा. पीएल/एसक्यूएल ब्लॉकमधला एंडनंतरचा सेमीकोलन मात्र भाषेचाच भाग आहे, तो ठेवायचा. एसक्यूएल सर्व्हरवर सेमीकोलन बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असला तरी मर्ज स्टेटमेंटच्या शेवटी तो सक्तीचा आहे, आणि विथने सुरू होणाऱ्या क्वेरीच्या आधीचं स्टेटमेंटही सेमीकोलनने संपलेलं असावं लागतं.

प्रश्न : मी केलेला बदल माझ्या खिडकीत दिसतो, सहकाऱ्याला जुनीच माहिती दिसते. त्याने तीच नोंद बदलायचा प्रयत्न केला तर त्याची स्क्रीन अडकून पडते.

उत्तर : तुमचं कमिट राहिलं आहे. ओरॅकल एसक्यूएल डेव्हलपरमध्ये ऑटोकमिट मुळात बंद असतं. एफ११ने कमिट होतं, एफ१२ने रोलबॅक. मॅनेजमेंट स्टुडिओ, वर्कबेंच आणि पीजीअ‍ॅडमिनमध्ये ते सहसा चालू असतं, पण बिगिन देऊन विसरलात तर तिथेही हेच होतं. डीबीव्हरमध्ये टूलबारवर ऑटो की मॅन्युअल ते दिसतं, आणि हे सेटिंग प्रत्येक कनेक्शनला वेगळं असू शकतं.

कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत बदललेल्या नोंदींवर तुमचं लॉक असतं. समोरचा किती वेळ थांबेल ते डेटाबेसवर अवलंबून आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये मूळ मर्यादा ५० सेकंद, मग एरर १२०५. एसक्यूएल सर्व्हर मुळात मर्यादाच घालत नाही, समोरचा थांबूनच राहतो. तिथे तर नुसतं वाचणाऱ्याचं सिलेक्टही मूळ सेटिंगमध्ये अडकतं. त्यामुळे बिगिन देऊन फोन घ्यायला उठू नये. एसक्यूएल सर्व्हरवर 'सिलेक्ट @@ट्रॅनकाउंट' चालवून शून्य येतं का बघावं. पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये असं विसरलेलं सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून दिसतं.

याच्याच जोडीला एक गोष्ट लक्षात ठेवा. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये क्रिएट टेबल, ऑल्टर टेबल यांसारखी स्टेटमेंट आधीचं उघडं ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट करतात. अपडेट तपासायचं ठेवून मध्येच एखादं ऑल्टर चालवलंत तर रोलबॅकची वाट बंद झाली. पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणं-बदलणंसुद्धा रोलबॅक करता येतं.

प्रश्न : पीजीअ‍ॅडमिनमध्ये व्हॅक्यूम (टेबलाची साफसफाई करणारं स्टेटमेंट) एकटं चालतं, पण वरच्या दोन ओळींसोबत चालवलं की 'ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही' अशी एरर येते. बिगिन तर मी दिलेलंच नाही.

उत्तर : सगळी स्टेटमेंट एकाच खेपेत गेली की पोस्टग्रेस त्यांना मिळून एक ट्रान्झॅक्शन मानतो, बिगिन नसलं तरी. व्हॅक्यूम किंवा क्रिएट डेटाबेस अशा वेळी नाकारलं जातं. एकटं हायलाइट करून चालवणं हाच उपाय. याचा दुसरा परिणामही माहीत असावा : अशा खेपेत शेवटच्या ओळीला एरर आली तर आधीच्या ओळींचे बदलही मागे जातात.

प्रश्न : टेबलात लाखो नोंदी आहेत, पण निकालात नेमक्या १००० येतात.

उत्तर : वर्कबेंच न सांगता लिमिट १००० लावतो, टूलबारवर ते बदलता येतं. डीबीव्हर एका वेळी २०० आणि एसक्यूएल डेव्हलपर ५० नोंदी आणतो, खाली सरकाल तशा पुढच्या येतात. त्यामुळे ग्रिडमधल्या ओळी मोजून एकूण आकडा सांगू नये, सिलेक्ट काउंट चालवावं. 'क्वेरी अर्ध्या सेकंदात आली' हेही अनेकदा पहिल्या ५० नोंदींपुरतंच खरं असतं.

प्रश्न : दुसरीकडून चिकटवलेली क्वेरी दिसायला अगदी बरोबर, तरी सिंटॅक्स एरर.

उत्तर : वर्ड किंवा चॅटमधून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात, दोन उणे चिन्हांच्या जागी एक लांब रेघ येते, आणि साध्या स्पेसच्या जागी डोळ्याला न दिसणारी न तुटणारी स्पेस येते. अवतरणं आणि एररच्या जवळच्या स्पेस हाताने पुन्हा टाइप करा. देवनागरीतला मजकूर एसक्यूएल सर्व्हरवर टाकताना प्रश्नचिन्हं उमटत असतील तर कॉलम एनव्हारचार हवा आणि अवतरणाच्या आधी एन हे अक्षर हवं.

प्रश्न : क्वेरी फार वेळ चालते आहे. रद्द केली तर नुकसान होईल का? आणि चालवण्याआधीच अंदाज कसा घ्यावा?

उत्तर : रद्द केल्याने माहिती अर्धवट राहत नाही, त्या स्टेटमेंटने केलेलं सर्व्हर मागे घेतो. फक्त त्यालाही वेळ लागतो. तासभर चाललेलं अपडेट क्षणात मागे फिरत नाही. त्या दरम्यान सर्व्हर बंद-चालू केला तर तो उठल्यावर उरलेलं काम पूर्ण करावंच लागतं, म्हणून धीर धरणं शहाणपणाचं. वर्कबेंचमध्ये 'कनेक्शन तुटलं' अशी एरर २०१३ आली तर बहुधा एडिटरची वाट बघायची मर्यादा संपलेली असते. क्वेरी सर्व्हरवर चालूच असू शकते. पुन्हा चालवण्याआधी 'शो प्रोसेसलिस्ट' बघा आणि लागलं तर 'किल क्वेरी' आणि तिचा क्रमांक द्या. पोस्टग्रेसमध्ये हेच काम पीजी_कॅन्सल_बॅकएंड करतं.

अंदाजासाठी स्टेटमेंटच्या आधी एक्सप्लेन लावा. पीजीअ‍ॅडमिनमध्ये एफ७, मॅनेजमेंट स्टुडिओत कंट्रोल + एल. यात स्टेटमेंट चालत नाही, फक्त योजना दिसते. मोठ्या टेबलाचं पूर्ण वाचन दिसलं आणि तुम्हाला चारच नोंदी हव्या असल्या तर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही असं समजा. पण पोस्टग्रेसमधलं एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ, म्हणजे शिफ्ट + एफ७, स्टेटमेंट खरोखर चालवून वेळ मोजतं. डिलीटच्या आधी ते लावलंत तर नोंदी खरंच जातात. तशी मोजणी हवीच असेल तर आधी बिगिन, मग एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ, मग रोलबॅक, आणि ही तिन्ही एकेक करून चालवावीत.